चढलेला सूर

भट्टीचा सूर चढू लागला, तसा हमीदभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. भट्टीत चुंबकांनी कोंडलेल्या प्लाझ्मात, म्हणजे धगधगत्या वायूत, लाट उठली की ती स्पीकरवर ऐकू येई. सूर चढला की लाट भिंतीला भिडण्याआधी भट्टी विझवायची, असा नियम होता. मग सगळ्या तालुक्याची वीज जाई.

"वैजू, बटण," ते सवयीने म्हणाले.

"आज नाही, हमीदभाई."

वैजयंतीचे वडील, अण्णा, याच नियंत्रण खोलीत सांगत आले होते, "लाट मोठी झाली की स्वतःच स्वतःला आवरते. तिला तेवढा वेळ तर द्या." तो कुणी दिला नाही. अण्णा गेले. त्यानंतर भांडून वैजयंतीने या एका प्रयोगाची परवानगी मिळवली होती. भट्टीची भिंत वितळली, तर भट्टी कायमची बंद होणार होती.

सूर कधी ऐकला नव्हता इतका चढला. टेबलावरचा कप थरथरू लागला. तिचं बोट बटणावरच होतं.

"अण्णा असते तर आता मला हसले असते," हमीदभाई पुटपुटले. "घाम फुटलाय."

मग सूर डगमगला, थोडा उतरला आणि तिथेच स्थिरावला. मीटरवर भिंतीचं तापमान वाढलेलं नव्हतं. दिवे जळत होते.

फोन वाजला. पलीकडे पिठाच्या गिरणीच्या मालकीणबाई होत्या. "अहो, आज वीज जाऊ शकते असं तुम्हीच कळवलंत, म्हणून मी कधीची गिरणी बंद करून बसलेय. वीज अजून कशी गेली नाही?"

"आता जाणार नाही," वैजयंती म्हणाली. तिने बटणावरचं बोट उचललं आणि स्पीकरचा आवाज वाढवला.