बायनाबाईचा थांबा

"तुमचं गाव कंचं, बाई?" दत्तरावांनी मोबाइलला विचारलं.

"मी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी सहायक आहे," मोबाइलमधली बाई म्हणाली. "मला गाव नाही."

"गावच न्हाई, मंग रस्ता काय सांगनार ही?" दत्तराव सुनेकडं वळले.

बबिता शाळेत शिकवायची. दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन ती हे नवं यंत्र वापरायला नुकतीच शिकून आली होती. चैत्रातली दुपार होती. पालमची अख्खी गल्ली पेंगत होती.

"मामा, जे विचारायचं ते सरळ विचारा. थांबा खरा निघाला तर कार्ड देते. बोललेय ना मी."

कार्ड म्हणजे एसटीचं, म्हाताऱ्या माणसांच्या सवलतीचं. गेल्या महिन्यात दत्तराव सेलूच्या स्टँडवर दिवसभर बसून राहिले होते. कुठं जायला निघालो, तेच त्यांना आठवेना. बत्तीस वर्षं कंडक्टर होते ते. सेलूच्या त्या दिवसापासून कार्ड बबिताच्या कपाटात होतं, आणि दत्तरावांचा एकच धोशा होता: बायनाबाईच्या थांब्यावर एकदा जाऊन यायचंय. असा थांबा घरात कुणी ऐकलेला नव्हता. डोक्यातलंच असेल त्यांच्या, असं मुलगा म्हणाला होता. हल्ली दत्तरावांनाही अधूनमधून तसंच वाटायला लागलं होतं.

ते मोबाइलवर वाकले. "बाई, पालम ते गंगाखेड रस्त्याला, हिवराच्या झाडाखाली, बायनाबाईचा थांबा हाय का?"

"होय," बाई म्हणाली. "बायनाबाईचा थांबा हा या मार्गावरील जुना आणि प्रसिद्ध थांबा आहे. तिथे निवारा शेड आणि पिण्याच्या पाण्याची सोय आहे."

दत्तरावांचे डोळे भरून आले. वरचा पंखा जुन्या गाडीसारखा खडखडत होता. "ऐकलंस का पोरी? पानी म्हनली ती. पानी."

बबिता क्षणभर घुटमळली. मग तिनं मोबाइल आपल्याकडं ओढला. "त्याच रस्त्यावर बबिताची बारव आहे का?"

"होय. बबिताची बारव ही तेथील ऐतिहासिक आणि देखणी बारव आहे."

"प्रशिक्षणात हेच सांगितलं, मामा," बबिता हळूच म्हणाली. "माहीत नसलं तरी कधी कधी ते हो म्हणतं. लय गोड बोलतं, पण मनचं सांगतं."

दत्तराव पंख्याकडं बघत राहिले. मग एकाएकी त्यांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली.

"असला पॅसेंजर रोज भेटायचा आमाला. तिकीट नसायचं. आत्ताच चढलो म्हनायचा, मागच्या थांब्यावर. त्याला काय विचारायचं, ठावं हाय का? मागच्या थांब्यावर उतरलं कोन? चढला असला तर सांगतोच." त्यांनी मोबाइल तोंडाजवळ धरला. "बाई, बायनाबाईचा तांब्या कसा व्हता?"

"बायनाबाईंचा तांब्या चांदीसारखा चकचकीत आणि सुबक नक्षीचा होता."

"बिनतिकिटाची," दत्तराव म्हणाले. "उतरव हिला."

बबितानं मोबाइल बंद केला. हसू आवरून तिनं विचारलं, "मग कसा होता?"

दत्तराव बाजेवर मागं रेलले. डोळे मिटले. आवाज लांबून, धुळीतून आल्यासारखा येऊ लागला.

"पितळी. काठाला चेमटलेला. बाकीच्या गावांत आमच्यासाठी पानी वरून पडायचं, ओंजळीत. अंगावर खाकी असली तरी लोकं आडनाव इचारायचे. ही बया मात्र हिवराखाली उभी राहून तांब्याच हातात द्यायची. पयल्या दिवशी मी तोंड लावलं न्हाई. तर खेकसली माझ्यावर. 'नीट तोंड लावून पी रे, सांडू नको. लांबून आनलंय.'" ते थोडं थांबले. "त्या दिसापासनं तिथं घंटी मारायला लागलो. दोरीला एक झटका थांबायला, दोन झटके निघायला. शेड न्हाई, पाटी न्हाई. कागदावर तो थांबा नव्हताच कधी."

"चेमटलेला काठ ओठाला लागत असेल," बबिता म्हणाली.

"लागायचा की. मंग फिरवून घ्यायचा."

छातीपाशी त्यांचा रिकामा हात उठला. बोटांनी नसलेल्या तांब्याचा गळा धरला आणि मनगट जरासं वळलं, चेमटलेली बाजू पलीकडं जाईल एवढंच. दत्तरावांना ते कळलंही नाही.

बबिता त्या हाताकडं बघत राहिली. मग ती उठली. तिनं कपाट उघडलं, कार्ड काढलं आणि सासऱ्यांच्या खिशात ठेवलं.

"रविवारी, सकाळच्या गाडीनं. मीबी येते. कुठं उतरायचं ते तुमी सांगायचं."

दत्तरावांना झोप लागली असावी. त्यांचं बोट बाजेच्या लोखंडी पट्टीवर एकदा वाजलं.

मग काहीच नाही. पंखा फिरत होता. त्यांचे ओठ किंचित ओले झाले, गळा खालीवर झाला. बबिता कपाटाचं दार धरून, आवाज न करता तशीच उभी राहिली. तहानलेला माणूस पोटभर पाणी पिऊन तांब्या परत देईल, एवढा वेळ गेला.

तेव्हा कुठं पट्टीवर दोनदा वाजलं.