कड्यावर पहिला

धाकट्या झुवैनाचं लग्न झालं त्या वर्षी वारा लवकर फिरला होता. बिदियाच्या वाळूत तंबू उभे राहिले होते, जेवणासाठी बकरी जमिनीतल्या भट्टीत पुरून झाली होती, आणि आदल्या दिवशी दुपारी झहरान आपली चार जाड चाकांची क्वाड बाइक ढकलत हारिबच्या गॅरेजात आला.

"दादा, हिच्याकडे जरा बघ. सकाळी खडखडते, मग गप्प होते."

"तुझ्यासारखीच. लाड फार झालेत."

हारिब झुवैनाचा सख्खा भाऊ. झहरान चुलत. बाप लवकर गेल्यामुळे तो याच घरात वाढला होता.

हारिबनं किक मारली. पत्र्याच्या डब्यात खडा हलवावा तसा आवाज आला. इंजिन तापलं तसा तो मावळला. हारिबला एवढ्यावरूनच कळलं, तरी त्यानं सायलेन्सर उतरवला आणि धूर बाहेर पडायच्या भोकात बॅटरी धरली. आतल्या पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते, मांजरानं नखं मारावीत तसे. एअर फिल्टरमधून वाळू गेली होती. सपाटीवर हा पिस्टन अजून महिनाभर रडतखडत चालला असता. पण पूर्ण रेस देऊन वाळूची मोठी टेकडी चढायची म्हटलं, तर अर्ध्यावर तापून फुगणार आणि सिलिंडरला धरणार.

"काय म्हणतेय?" झहराननं खजुराची बी थुंकत विचारलं.

"म्हातारी झालीय."

"उद्या चढेल ना?"

हारिबच्या पाठीमागे फळीवर नवा पिस्टन होता. खोकंसुद्धा उघडलेलं नव्हतं.

"तुझी नाही चढणार तर कुणाची चढणार?" तो म्हणाला आणि सायलेन्सर पुन्हा बसवला.

या घराण्याची रीत अशी, की नवऱ्याकडची माणसं आली की नवरीच्या घरचा एक पुरुष मोठ्या टेकडीवर चढून हात उंचावतो. तो दिसला की मगच नवरी तंबूबाहेर पाऊल टाकते. पूर्वी उंटावरून जात, आता क्वाडवरून जातात. तरुण पोरं सगळी निघतात, पण पहिला पोचेल त्याचाच हात मोजला जातो. थोरल्या बहिणीच्या लग्नात तो झहरानचा होता. मधलीच्याही लग्नात त्याचाच. आता घरात लग्नाची मुलगी उरली नव्हती.

हारिब दोन्ही वेळा दुसरा आला होता. दोन्ही वेळा झहराननं माथ्यावरच्या कड्याजवळ वेग तोडला, क्वाड आडवी घेतली आणि मागे वळून पाहिलं. बघ, किती मागे राहिलास, असंच त्या बघण्यात आहे, हे हारिबनं मनाशी पक्कं धरून ठेवलं होतं.

लग्नाच्या दिवशी पहाटे तो तंबूबाहेर आला, तेव्हा झहरान टेकडीवरून पायी खाली येत होता. चपला हातात होत्या.

"बघ," कहवा ओतता ओतता म्हातारा बाप सुहैल हारिबला म्हणाला, "तुला जाग यायच्या आत हा वर जाऊन आलासुद्धा."

"बाबा, वर काय कहवा मिळतो?"

"तुला नाही कळायचं ते."

बायकांच्या तंबूत झुवैनाच्या हाताची मेंदी सुकत होती. "दादा, लवकर वर जा हं," ती पडद्याआडून ओरडली. "मला दुपारच्या उकाड्यात बसवून ठेवू नका."

"कुठला दादा?" हारिबनं विचारलं.

ती हसली. "जो पहिला जाईल तो."

हारिबही हसला. त्यानं उरलेला कहवा एका घोटात संपवला.

दुपार उतरल्यावर नवऱ्याकडच्या गाड्या आल्या. बाकीच्या पोरांनी पायथ्याशी रांग धरली. झहरान आपली क्वाड हारिबच्या शेजारी घेऊन आला.

"दादा, आज माझ्या मागेच राहा. वर—"

"वर तूच पहिला. माहीत आहे मला."

"अरे, ऐक तरी—"

हारिबनं रेस दिली. पुढचं आवाजात बुडालं.

निम्म्या चढापर्यंत झहरान पुढे होता. हारिब त्याच्या चाकोरीतून जात होता, नेहमीसारखा, डोळे त्याच्या पाठीवर ठेवून. मग ज्याची तो वाट पाहत होता ते ऐकू आलं. पुढच्या इंजिनाचा आवाज चिरका झाला, बारीक झाला आणि मध्येच तुटला. मागची चाकं जाम झाली. क्वाड तिरकी झाली, उलटली, आणि झहरान तिच्यासकट वाळूच्या लोटात दिसेनासा झाला.

एवढं हारिबला नको होतं. पण लोट बसला, तर झहरान उभा होता. धड होता. दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत होता, काहीतरी ओरडत होता.

आता मला थांबवतोस होय, हारिबला वाटलं. या एकाच दिवशी.

त्याच्या तोंडाकडे न बघता तो बाजूनं निघून गेला.

पुढे वाळू कोरी होती. एकाही चाकाची रेघ नव्हती. वर फक्त कडा आणि त्यामागे आभाळ. झहरान इथे वेग तोडायचा, हारिबनं तोडला नाही. सगळ्या वस्तीला दिसावं म्हणून तो बसल्या जागी उभा राहिला आणि त्यानं उजवा हात उंच केला.

खाली बायकांनी जिभा घोळवून आनंदाचा एकच कल्लोळ केला. झुवैनानं पडदा सारला, वर पाहिलं, भाऊ ओळखला आणि पाऊल बाहेर टाकलं.

रात्रीच्या वाऱ्यानं कड्यापलीकडची वाळू भिंतीसारखी सरळ कापून नेली होती.

सुहैलचा एकुलता मुलगा हारिब धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी असरची बांग व्हायच्या आधी, वारला.