बंद केलेली गोळी

"मॅडम, मला औषध बंद करायचंय."

संशोधक बाईंनी मान वर केली. प्रयोगशाळेत पेशंट सहसा येत नसत. समोर उभी होती ती टेलिफोन ऑपरेटर. जन्मापासून तिच्या अंगभर माशासारखे खवले. कुणाच्या नजरेला पडायला नको म्हणून तिने नुसत्या आवाजाची नोकरी धरली होती. बाईंच्या गोळीने ते खवले झडून गेले. 'अ' जीवनसत्त्वापासून ती गोळी घडवण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली होती. लग्न, घरदार, सगळं राहूनच गेलं.

"वेड लागलंय का तुला? दोन महिन्यांत होतीस तशी होशील."

"ठाऊक आहे. पण मला मूल हवंय."

गोळीमुळे पोटातल्या बाळात व्यंग येतं, हे बाईंनीच शोधून काढलं होतं. पाकिटावरचा इशाराही त्यांनीच भांडून छापून घेतला होता.

"गोळी सोडल्यावरही तीन वर्षं थांबावं लागेल. नवऱ्याने तुला तसं पाहिलंय?"

"नाही. लग्न गोळीनंतरचं." ती ओढूनताणून हसली. "बघेल आता."

ती गेल्यावर बाईंचा नुसता संताप झाला. एवढ्या कष्टाने मिळालेली कातडी ही बया खुशाल फेकून देत होती! त्यांनी स्वतःला नव्या कामात गाडून घेतलं. तेच रसायन थोडं बदललं तर शरीरातल्या गाठी आक्रसतात का, ते पाहायचं होतं. एका दुपारी उंदरांच्या गाठी खरोखरच लहान झालेल्या दिसल्या. बाईंनी आनंदाने फोन उचलला. कुणाला सांगावं ते सुचेना. त्यांनी तो हळूच खाली ठेवला.

चौथ्या वर्षी ऑपरेटर पुन्हा दारात उभी राहिली. गाल, मान, हात, सगळीकडे खवले. पोट चांगलंच पुढे आलेलं.

"आणि नवरा?" बाईंनी भीतभीतच विचारलं.

"खाली गाडी लावतोय. जागा मिळेना म्हणून जगावर चिडलाय. पेपरात तुमच्या गाठींच्या औषधाचं वाचलं. तोच म्हणाला, चल, मॅडमचं तोंडभरून कौतुक करून येऊ."

बाईंनी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"अगं बाई, लाथ मारली बघा!" तिने बाईंचा हात ओढून पोटावर ठेवला आणि वरून आपला खरखरीत तळवा घट्ट दाबून धरला.

उभं आयुष्य बाईंनी ही कातडी काचपट्टीवर पाहिली होती. ती इतकी उबदार असते, हे त्यांना आज कळलं.