घोडा बदलायची जागा

पहिली फळी फुटली, पण टाळी कुणी वाजवली नाही. सगळं बदलापूर गाव इशिदासाहेबाच्या टोपीकडे बघत होतं. टोपी उपड्या परडीसारखी होती.

इशिदासाहेब जपानचा. अंबरनाथच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला. त्याच्या गावी आजच्या दिवशी धावत्या घोड्यावरून बाण मारून तीन फळ्या फोडतात. मग देव खूश होतो आणि पीक बरं येतं. साहेबाला रजा मिळाली नाही, म्हणून त्याने देवाचं काम इथेच उरकायला घेतलं. धनुष्य त्याच्याहून उंच होतं. बाणाला पातं नव्हतं, टोकाला लाकडी भोवरा होता.

"टोचत नाय, तर मारायचा कशाला?" गर्दीतून कौसाबाईने विचारलं.

हे कुणालाच माहीत नव्हतं.

घोडा हरिचंद्र टांगेवाल्याचा. नाव वादळ. टांग्यात बसणाऱ्या प्रत्येकाला हरिचंद्र वीस वर्षं एकच गोष्ट सांगत आला होता. "पूर्वीचे स्वार इथं घोडे बदलायचे, म्हणून गाव बदलापूर. त्या पागेतला वंश आहे हा." पुरावा मागितला की तो चाबूक दाखवायचा.

आज चिंतामणी मास्तरांनी त्याला गाठलं होतं. मास्तरांच्या हातात त्यांची सायकल होती. तिला ते सख्ख्या भावालाही हात लावू देत नसत.

"हरिचंद्रा, वादळ तिन्ही फळ्यांपुढून न थांबता पळाला, तर तुझी पागा मी शाळेत शिकवीन. मध्येच थांबला, तर ती गोष्ट पुन्हा तोंडातून काढायची नाही."

"कबूल," हरिचंद्र म्हणाला खरा, पण त्याच्याकडे दुसरी गोष्टच नव्हती.

दुसरी फळी फुटली. आता टाळ्या पडल्या. हरिचंद्र घोड्यामागून धावत सुटला.

आणि तिसऱ्या फळीच्या अलीकडे, टांग्याच्या रोजच्या थांब्यावर, चिंचेखाली, वादळ थांबला. साहेब घोड्याच्या मानेवर गेला. टोपी त्याच्याही पुढे गेली.

साहेबाने टाच मारली. कुणी हिरवा चारा दाखवला. कौसाबाईने शिव्या घातल्या. साहेबाने जपानीत पुष्कळ विनवणी केली. वादळ हलेना. मान वळवून तो पाठीवरच्या माणसाकडे बघत राहिला, उतारू उतरायचं विसरलाय तसा.

"आटपली रे तुझी पागा," मास्तर म्हणाले.

हरिचंद्रने घाम पुसला. घोड्याकडे पाहिलं. चिंचेकडे पाहिलं. मग पुढे होऊन त्याने अदबीने रिकीब धरली.

"उतरा साहेब," तो म्हणाला. "घोडा बदलायची जागा आली. सात पिढ्या झाल्या, पण विसरला नाय बघा!"

साहेबाला एकही शब्द कळला नाही, पण तो उतरला आणि कमरेत वाकून त्याने वादळाला नमस्कार केला. मग दुसऱ्या घोड्यासाठी इकडेतिकडे पाहू लागला.

गावात दुसरा घोडा नव्हता.

मास्तरांनी सायकलची सीट पुसली. मग त्यांनी ती साहेबापुढे केली.