पाहुण्याचा चहा

स्क्रूंच्या डोक्यांवर धूळ नव्हती.

सोकहुनने पेचकस खाली ठेवला, चष्मा बाहीला पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. बँकेतून भंगारात निघालेला, कपाटाएवढा जुना सर्व्हर. वरपासून खालपर्यंत धूळ आणि कोळ्याची जाळी. स्क्रू तेवढे लख्ख. म्हणजे तिच्याआधी हे धूड कुणीतरी उघडलं होतं, आणि शेडची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती. तिचा धाकटा दीर, बुनहाय.

तिने पत्रा काढला, आतले बोर्ड एकेक करून उपसले. सोन्याच्या झाकणाचे प्रोसेसर होते की जागेवर! याच प्रोसेसरसाठी तिने भर लिलावात हट्टाने बोली चढवली होती. पण एक मोठा, शेजारचे दोन लहान. एकावर एका सालचा शिक्का, दुसऱ्यावर भलत्याच सालचा. असल्या यंत्रात सगळे प्रोसेसर एकाच घाण्यातले असतात, हे भंगारातून सोनं काढणाऱ्या या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवाय बोर्ड धुळीने माखलेले आणि प्रोसेसर मात्र आंघोळ करून बसल्यासारखे.

मोठे काढून घेतले आणि चिल्लर भरली, तिने ओळखलं. तरीच याच्या दारात नवी मोटरसायकल आली! तिची कानशिलं तापली. नवरा गेल्यापासून शेड दोघांची निम्मी निम्मी होती. दिराच्या मनात पाप शिरलं असेल, तर शेडच्या मधोमध भिंत घालायची आणि चुली वेगळ्या करायच्या. अर्ध्या शेडवर कुणाचंच पोट भरणार नव्हतं, पण चोराबरोबर एका ताटलीतला चहा पिणं तिला जमणार नव्हतं.

"काय वहिनी, निघालं का सोनं?" बुनहाय हात पुसत आत आला.

"निघालं की. बसा भाऊजी."

तो नेहमीसारखा मोडक्या सर्व्हरच्या पत्र्यावर बसला. चहाच्या ताटलीत तीन चिमुकले कप होते. सकाळची पत्ती अजून किटलीत भिजत होती. घरच्या माणसाला त्याच पत्तीचा चहा ओततात, पत्ती बदलतात ती पाहुणा आला की. सोकहुनने किटली बादलीत उपडी केली. नवी पत्ती भरली. पहिल्या पाण्याने कप विसळले आणि दुसऱ्या पाण्याचा पहिला कप दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

बुनहायचं हसू जागच्या जागी विरलं.

"वहिनी, मी पाहुणा कधीपासून झालो?"

"घ्या ना. पाहुण्यांनी लाजू नये."

"काय झालंय ते तोंडाने बोला."

"मी कशाला बोलू? ते स्क्रू बोलतायत. आता मधे भिंतच बरी."

त्याने उघड्या सर्व्हरकडे पाहिलं. कमरेची किल्ली सोडून त्याने ताटलीत ठेवली. कपाला शिवला नाही.

"भिंत घालायची असेल तर गवंडी तुम्हीच बघा," म्हणाला आणि चालू लागला.

चूक नसती तर भांडला असता, सोकहुनने मनाशी म्हटलं. तरी जिवाला चैन पडेना. काय काय ढापलंय ते तरी बघावं म्हणून तिने सुरीच्या टोकाने एक प्रोसेसर उचकटला. तो टुणकन हातात आला. त्याचे पाय वाकलेले होते, ते आत शिरलेच नव्हते. खालच्या बारीक भोकांत धूळ भरली होती. ती आजकालची नव्हती, घट्ट बसून तिचा लगदा झाला होता. तिने दुसरा उचकटला, तिसरा उचकटला. सगळीकडे तेच.

इथून कुणी काही नेलंच नव्हतं. ही भोकं कित्येक वर्षं रिकामी होती. तिने लिलावात रिकामं खोकं घेतलं होतं.

"वहिनी, फार हलकं वाटतंय, सोडून द्या," असं म्हणत बुनहायने तिथे तिची बाही ओढली होती, आणि तिने चारचौघांत त्याचा हात झटकला होता. आज सगळ्या गल्लीने तिला हसून घेतलं असतं. तसं होऊ नये म्हणून त्याने गुपचूप उघडून ही भोकं भरली होती. आणि तिने त्याला पाहुण्याचा चहा पाजायला घेतला होता! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हाताला सापडले तेवढे प्रोसेसर मुठीत धरून ती धावत सुटली.

"भाऊजी! अहो भाऊजी, थांबा!"

फाटकापाशी त्याने मोटरसायकल चालू केली होती. ती त्याने बंद केली आणि वळून पाहिलं. त्याचे डोळे लाल झाले होते. वहिनी काय म्हणते याची तो वाट पाहत राहिला.

माफी मागायची म्हणून ती समोर उभी राहिली आणि तिने मूठ उघडली. प्रोसेसर जुने होते, पुसून-पुसून जपलेले, एकेक वेगवेगळ्या सालचा. त्यांच्या शेडमध्ये सुट्टं सोनं, प्रोसेसरसुद्धा, कुणी ठेवून घ्यायचं नाही, निघेल ते त्याच दिवशी एकत्र वितळवायचं, हा तिच्या नवऱ्याने घालून दिलेला नियम. दर नव्या वर्षाला पूर्वजांपुढे उदबत्ती लावून बुनहाय त्याची शपथ घेत आला होता.

"काय, वहिनी?" त्याने हळूच विचारलं.

सोकहुनची नजर हातावरून हलेना.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे तुमच्याकडे आले कुठून?"