उष्टी हळद

नवऱ्याकडची उष्टी हळद आली आणि बायकांनी गाणं धरलं. आत्या पाटावर बसलेल्या वेणूच्या गालांना हळद चोळत होती आणि गाण्यातली नवरी ओळीओळीला सोन्याची होत होती.

शेजारीच बसलेली आई मात्र मोबाइलमध्ये. मालिकेतल्या एका सावळ्या नायिकेनं आपल्या हळदीचा फोटो टाकला होता. त्याखाली आईनं सकाळीच लिहिलं होतं, 'हळद वाया घालवली. डांबराला कधी रंग चढतो का?'

"अगं, किती जण हसलेत बघ!" आईनं मावशीला दाखवलं.

"हळू बोल. वेणू ऐकेल."

"आपली वेणू गव्हाळ आहे गं. त्या काळीशी काय बरोबरी?"

तेवढ्यात मोबाइल वाजला. दोन्ही घरांच्या ग्रुपवर कुणीतरी पाटावरच्या वेणूचा फोटो टाकला होता. खाली विहीणबाईंनी लिहिलं होतं, 'हळद वाया घालवली. डांबराला कधी रंग चढतो का? रागावू नका हं, सकाळी तुमचंच वाचलं. पोट धरून हसलो सगळे!' त्यावर पहिला हसरा चेहरा नवऱ्या मुलाचा होता.

लग्न उद्यावर आलेलं. विहिणीला दुखवून कसं चालेल? आईनंही एक हसरा चेहरा पाठवून दिला.

मान वळवून वेणूनं ते सगळं वाचलं. मग डोळे मिटून घेत ती म्हणाली, "अजून लाव गं आत्या. जाड लाव. मी कुठंच दिसायला नको."