जागेवर बसून काढलेलं तळं

एवारिस्तोने निळ्या रंगाची ट्यूब उघडलीच नाही, हे शेजारच्या क्रिसोलोगोच्या दहा वाजताच लक्षात आलं.

"मास्तर, निळा संपला की काय? माझा घ्या. तळं काय, सगळ्यांचंच आहे."

एवारिस्तोने गालातली कोकाची पानं या बाजूची त्या बाजूला केली आणि राखाडी रंग कालवायला घेतला.

धक्क्यावर अठरा चित्रकार ओळीने बसले होते. समोर तळं होतं. म्हणजे सात वर्षांपूर्वी होतं. आता नजर पोचेल तिथपर्यंत भेगाळलेला खारा चिखल होता आणि त्यात कलंडलेल्या लव्हाळ्याच्या होड्या. सतरा कॅनव्हासांवर मात्र लाटा उठत होत्या. सुइलारच्या वार्षिक निसर्गचित्र स्पर्धेत तळं असंच काढायचं, ही पद्धत पाडली होती एवारिस्तोनेच. पहिल्या कोरड्या वर्षी लोकांना बरं वाटावं म्हणून त्याने पाणी काढलं. पहिलं बक्षीस मिळालं. दुसऱ्या वर्षी फ्लेमिंगो घातले. पुन्हा मिळालं. गेल्या वर्षीपर्यंत मिळतच राहिलं.

बाकी सगळं नियमाने चाले. घरून कोणी चित्र काढून आणू नये म्हणून नगरपालिका सकाळीच कोऱ्या कॅनव्हासच्या पाठीवर शिक्का मारी: 'डोळ्यांनी पाहून, जागेवर बसून काढले आहे.' त्याखाली चित्रकाराची सही. पहिलं आलेलं चित्र राजधानीत पाणीखात्याला भेट जाई. साहेबांना गावाची आठवण राहावी, एवढाच हेतू.

यंदा एवारिस्तोला साहेबांकडे चिखल पाठवायचा होता. गावाचा नळाचा अर्ज तिथे दोन वर्षं पडून होता. मुलगी सिल्वेरियाने सांगूनच टाकलं होतं, "बाबा, या वर्षी नळ नाही आला तर आम्ही पोरांना घेऊन शहरात. तुम्ही बसा इथे फ्लेमिंगो राखत."

संध्याकाळी निकाल लागला. क्रिसोलोगो पहिला. एवारिस्तोच्या चित्रावर परीक्षकांचा शेरा होता: 'स्थळाशी साम्य नाही.'

तो तडक नगराध्यक्षा एऊलालियाबाईंच्या खोलीत शिरला.

"बाई, बक्षीस त्या क्रिसोलोगोच्या डोक्यावर घाला. पण राजधानीत माझं चित्र पाठवा. बघू दे त्यांना एकदा, इथे काय उरलंय ते."

"बसा, मास्तर."

"बसायला नाही आलो. सिल्वेरियाने बोचकी बांधलीत."

बाईंनी खणातून एक पाकीट काढलं. ते आधीच फोडलेलं होतं.

"मंगळवारीच आलं. म्हटलं, स्पर्धा तरी सुखाने पार पडू दे."

नळ नामंजूर झाला होता. तळे तुडुंब भरलेले असल्याचा लेखी, साक्षांकित पुरावा खात्याच्या दप्तरी आहे, सबब वेगळ्या पाण्याची गरज दिसून येत नाही. पुराव्याचा फोटो सोबत जोडला होता.

एवारिस्तोने चष्मा लावला. फोटोत ना लाटा होत्या, ना फ्लेमिंगो. तो कॅनव्हासच्या पाठीचा फोटो होता. शिक्का ठळक उठला होता, आणि त्याखाली गेल्या वर्षीची, त्याची स्वतःची, झोकदार सही.